जुनी यंत्रे, हौशी तंत्रज्ञ आणि स्थानिक इतिहासाची साधने : महाराष्ट्रातील परंपरा व रत्नागिरीचा संदर्भ

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना संशोधकांचे लक्ष साधारणपणे दोन घटकांकडे जाते. पहिला घटक संशोधकाचा, म्हणजे यंत्र प्रथम निर्माण करणाऱ्याचा. आणि दुसरा राज्यसंस्थेचा वा उद्योगसंस्थेचा, म्हणजे त्या यंत्राचा प्रसार करणाऱ्याचा. या दोहोंच्या मध्ये उभा असलेला तिसरा घटक मात्र बहुधा दुर्लक्षित राहतो. इतरांनी टाकून दिलेले यंत्र उघडून पाहणारा, त्याचे सुटे भाग जमवणारा आणि केवळ ते पुन्हा चालू झाल्याच्या आनंदासाठी रात्री जागवणारा हौशी माणूस हा तो तिसरा घटक होय. जुने संगणक, रेडिओ, टेपरेकॉर्डर व तत्सम उपकरणे दुरुस्त करून चालू ठेवण्याचा छंद पाश्चात्त्य देशांत आता प्रतिष्ठा पावला आहे. आपल्याकडे मात्र या छंदाकडे एक तर पोटापाण्याचा किरकोळ व्यवसाय म्हणून किंवा रिकामपणचा उद्योग म्हणून पाहिले जाते.

प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील या परंपरेचे तीन टप्पे विचारात घेतले आहेत : १९२० ते १९४२ या काळातील हौशी बिनतारी संदेशवहन, १९६० नंतरचा वापरलेल्या संगणकांचा काळ आणि ऐंशीच्या दशकातील घरगुती संगणक. त्यानंतर रत्नागिरीसारख्या किनारपट्टीवरील जिल्ह्याच्या संदर्भात या छंदाचा स्थानिक इतिहासाच्या साधनांशी असलेला संबंध तपासला आहे. आज हौशी माणसाकडे असलेले ज्ञान जपले गेले नाही, तर १९८५ ते २००५ या दोन दशकांतील मराठी लिखित साधनांचा मोठा भाग भावी संशोधकाला वाचता येणार नाही, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

हौशी बिनतारी : छंदातून राष्ट्रकार्याकडे

भारतात नियमित नभोवाणी सुरू होण्यापूर्वीच हौशी लोकांनी बिनतारी यंत्रांशी खटपट सुरू केली होती. कलकत्त्यात अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनी १९२१ मध्ये हौशी केंद्र चालवल्याची नोंद आहे. मुंबईत रेडिओ क्लबने जून १९२३ मध्ये प्रक्षेपण केले. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, ते त्यानंतर चार वर्षांनी. म्हणजेच या देशात नभोवाणी प्रथम आली ती हौशी मंडळींच्या हातून; व्यापारी कंपनी व सरकार हे दोघेही तिच्या मागून आले.

या छंदाला कायद्याची चौकट होती. १८८५ चा तार कायदा व १९३३ चा बिनतारी तारायंत्र कायदा यांमुळे परवान्यावाचून बिनतारी यंत्र जवळ बाळगणे हा गुन्हा ठरत असे. दुसरे महायुद्ध सुरू होताच १९३९ मध्ये हौशी प्रक्षेपकांचे परवाने थांबवण्यात आले आणि त्यांना आपली प्रक्षेपणयंत्रे सरकारजमा करण्याचे आदेश देण्यात आले. यंत्रे गेली, परंतु ती जुळवण्याचे ज्ञान मात्र माणसांच्या हातात राहिले.

१९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनात या शिल्लक ज्ञानाचा प्रत्यय आला. उषा मेहता, विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी आदी तरुणांनी मुंबईत गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ उभारला. त्याचे प्रक्षेपण ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस ४२.३४ मीटरवर सुरू झाले. प्रक्षेपकाची तांत्रिक बाजू नरिमन प्रिंटर यांनी सांभाळली. ते युद्धपूर्व काळातील हौशी प्रक्षेपक होते. ध्वनिक्षेपकांच्या व्यवसायातील शिकागो रेडिओ या पेढीचे नानिक मोटवाने यांचेही साहाय्य लाभले. जागा पुनःपुन्हा बदलत हे केंद्र सुमारे अडीच महिने चालले. एका तंत्रज्ञाकडून मिळालेल्या माहितीच्या आधारे पोलिसांनी १२ नोव्हेंबर १९४२ रोजी ते पकडले व उषा मेहता यांना चार वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

या प्रकरणातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, छंद म्हणून मिळवलेले ज्ञान पुढे कोणत्या कामी येईल याचा अंदाज छंद करताना बांधता येत नाही. दुसरी अशी की, हे ज्ञान मूल्यनिरपेक्ष असते. ज्या हातांनी केंद्र उभे राहू शकते, तशाच हातांच्या माहितीवरून ते पकडलेही जाऊ शकते. म्हणून हौशी तंत्रज्ञाचा गौरव करताना त्याला नायकाचे स्थान देण्याचे कारण नाही. इतिहासातील एक कर्ता घटक म्हणून त्याची नोंद होणे तेवढे आवश्यक आहे.

वापरलेल्या संगणकांचा देश

संगणकाच्या संदर्भात भारताची परिस्थिती आरंभापासूनच वेगळी होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील गटाने ‘टिफ्रॅक’ हा संगणक स्वतः घडवला. प्रायोगिक यंत्र १९५६ मध्ये चालू झाले, पूर्ण यंत्र १९६० मध्ये कार्यान्वित झाले आणि १९६२ मध्ये त्याचे नामकरण झाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड व १२,५०० रोधक होते. तत्कालीन भारतातील ही मोठीच कामगिरी होती. परंतु व्यापारी क्षेत्रात संगणक आला तो दुसऱ्या वाटेने.

आय.बी.एम. कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केलेला १४०१ हा संगणक १९६१ मध्ये मुंबईत एस्सो या तेलकंपनीकडे बसवण्यात आला. पुढील काळात या प्रकारची अनेक यंत्रे भारतात भाड्याने देण्यात आली. त्यांपैकी पुष्कळशी परदेशांत वापरून झालेली व येथे दुरुस्त करून पुन्हा उभी केलेली होती. प्रगत देशांतून निवृत्त झालेले यंत्र भारतात नवे म्हणून रुजू होत असे. या व्यवहारावर संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५-७६ च्या सुमारास कठोर टीका केली. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यान्वये भागभांडवल कमी करण्यास नकार देऊन आय.बी.एम.ने १९७८ मध्ये भारत सोडला. तेव्हा तिने मागे ठेवलेल्या यंत्रांच्या देखभालीची जबाबदारी सरकारी कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनकडे आली.

या घटनेचे राजकीय व आर्थिक विश्लेषण पुष्कळ झाले आहे. तिची एक बाजू मात्र फारशी चर्चिली गेलेली नाही. उत्पादक कंपनी निघून गेल्यावर तिची यंत्रे चालू ठेवणे म्हणजे उपलब्ध भागांतून मार्ग काढणे, एका यंत्राचे अवयव दुसऱ्याला लावणे आणि उघडून पाहून शिकणे. आज ज्याला जुन्या संगणकांचा छंद म्हटले जाते, त्यातील जवळजवळ सर्व कौशल्ये भारतीय अभियंत्यांनी त्या काळात कर्तव्य म्हणून आत्मसात केली.

येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयात २००४ पासून निवृत्त अभियंत्यांच्या स्वयंसेवी गटाने याच १४०१ जातीच्या संगणकांचे पुनरुज्जीवन हाती घेतले. जर्मनी व कनेक्टिकट येथून मिळवलेली दोन यंत्रे त्यांनी पुन्हा चालू केली व ती प्रेक्षकांना प्रत्यक्ष चालवून दाखवली जातात. इंग्लंडमध्ये टोनी सेल यांनी १९९३ पासून ‘कोलोसस’ या युद्धकालीन यंत्राची पुनर्रचना केली. ज्या यंत्रांना अमेरिकेत संग्रहालयात स्थान मिळाले, ती आपल्याकडे वर्षानुवर्षे वापरात होती. आणि वापर संपताच ती तराजूवर तोलून भंगारात गेली. पाश्चात्त्यांचा छंद विपुलतेतून जन्मला, तर आपली खटपट टंचाईतून. टंचाई संपली, तेव्हा खटपटीची गरज संपली व तिच्यासोबत यंत्राविषयीची आस्थाही ओसरली.

घरगुती संगणक आणि कॅसेटचा काळ

अमेरिकेत जानेवारी १९७५ मध्ये अल्टेअर ८८०० या जोडणीसंचाची माहिती प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात ‘होमब्रू’ या हौशी मंडळाची पहिली बैठक झाली. व्यक्तिगत संगणकाचा उद्योग या छंदातून उभा राहिला. भारतात आयात शुल्क व परवाना पद्धती यांमुळे हा मार्ग बंद होता. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने तो काहीसा मोकळा केला. त्याच सुमारास सुरू झालेल्या ‘क्लास’ या शासकीय प्रकल्पातून निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक देण्यात आले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष उल्लेखनीय म्हणजे पुण्यातील डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ हा संगणक बाजारात आणला. ब्रिटनमधील सिंक्लेअर कंपनीच्या स्पेक्ट्रमची ही भारतीय आवृत्ती होती. ३.५ मेगाहर्ट्झ गतीचा झेड-८० प्रक्रियक, ४८ किलोबाइट स्मृती, पडदा म्हणून घरचा दूरचित्रवाणी संच आणि साठवणुकीसाठी साधा टेपरेकॉर्डर असे त्याचे स्वरूप होते. आज्ञावली कॅसेटवर कर्कश ध्वनीच्या रूपात साठवली जाई व मिनिटे मोजत संगणकात भरली जाई. टेपरेकॉर्डरच्या हेडचा कोन किंचित जरी चुकला, तरी आज्ञावली भरत नसे. मग बारीक पेचकसाने हेडचा स्क्रू फिरवून, कानाने आवाजाची धार ओळखून तो कोन जुळवावा लागे. त्या पिढीतील अनेक विद्यार्थ्यांचा संगणकाशी पहिला परिचय अशा रीतीने पेचकसाच्या साहाय्याने झाला.

या पिढीच्या सुट्या भागांच्या बाजारपेठा म्हणजे मुंबईचा लॅमिंग्टन रोड व पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली. नवा भाग तेथे, आणि जुना भाग मुंबईच्या चोरबाजारात वा पुण्याच्या जुन्या बाजारात, अशी विभागणी होती. या बाजारांत दुकानदार, दुरुस्ती करणारा व्यावसायिक आणि हौशी महाविद्यालयीन विद्यार्थी एकाच ओट्याशी उभे असत. ज्ञानाची देवाणघेवाण तेथे तोंडी होत असे. त्यामुळेच तिचे लिखित पुरावे फार थोडे सापडतात.

रत्नागिरी : हवामान, चाकरमानी आणि यंत्रे

रत्नागिरी जिल्ह्याचा आधुनिक यंत्रांशी संबंध प्रामुख्याने मुंबईमार्गे आला. गिरणगावात व कार्यालयांत नोकरी करणारा कोकणी चाकरमानी गणपती-शिमग्याला गावी येताना मनीऑर्डरीपेक्षा वेगळे असे काही सोबत आणू लागला. घड्याळ, ग्रामोफोन, पुढे ट्रान्झिस्टर व टेपरेकॉर्डर या वस्तू अशा मार्गाने खेड्यांत पोहोचल्या. १९७७ मध्ये रत्नागिरीत आकाशवाणी केंद्र सुरू झाल्यावर रेडिओचे स्थान अधिकच पक्के झाले. परंतु यंत्र बिघडले, तर ते दुरुस्तीसाठी पुन्हा मुंबईला पाठवणे सर्वांना शक्य नव्हते. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८ मध्ये. तोपर्यंत बोट, नंतर एस.टी. आणि घाटवळणे हेच मार्ग होते. या दुर्गमतेमुळे यंत्र गावातच उघडण्यावाचून गत्यंतर नव्हते. बाजारपेठेच्या गावी घड्याळजी वा रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर असे आणि त्याच्या दुकानाच्या कट्ट्यावर बसून पाहत शिकणारी दोन-चार मुलेही असत.

दुसरा घटक हवामानाचा. वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि समुद्राची खारट हवा यांमुळे कोकणात इलेक्ट्रॉनिक उपकरणाचे आयुष्य देशावरील उपकरणापेक्षा कमी होते. सर्किटवरील तांब्याच्या रेषा हिरव्या पडतात, जोडांवर गंज चढतो, फितीवर व फ्लॉपीच्या चुंबकीय थरावर बुरशी धरते आणि रबरी पट्टे चिकट होतात. जुन्या संगणकांच्या मदरबोर्डवरील निकेल-कॅडमियम बॅटरी कालांतराने पाझरते व तिचा क्षार आजूबाजूच्या रेषा खाऊन टाकतो. विद्युत्-विश्लेषक कंडेन्सर सुकतात वा फुगतात. पावसाळ्यात कपाटात कमी शक्तीचा दिवा लावून ठेवणे, यंत्र आठवड्यातून एकदा तरी चालू करणे अशा उपायांमागे या परिस्थितीचा अनुभव आहे. जतनाचे पाश्चात्त्य निकष येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. किनारपट्टीवरील हौशी तंत्रज्ञाचे अनुभवसिद्ध ज्ञान म्हणूनच संग्रहशास्त्राच्या दृष्टीने मोलाचे ठरते.

फ्लॉपीतील मराठी : नवी मोडी

या छंदाचा इतिहासाभ्यासकाशी येणारा सर्वांत निकडीचा संबंध मराठी मजकुराच्या संदर्भात आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून मराठी अक्षरजुळणी शिशाच्या खिळ्यांकडून संगणकाकडे वळली. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजेच सी-डॅकने, ‘जिस्ट’ तंत्रज्ञानाद्वारे देवनागरीचा प्रसार केला. तथापि मुद्रणव्यवसायात श्रीलिपी, आकृती यांसारख्या संचांतील फॉन्ट अधिक रुळले. अशा प्रत्येक फॉन्टची अक्षरांची अंतर्गत मांडणी वेगळी होती. त्यामुळे एका फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर दुसऱ्यात उघडल्यास निरर्थक चिन्हांची रांग दिसते. काही संचांना संगणकाच्या मागील बाजूस हार्डवेअर लॉक लावल्याशिवाय ते चालतही नसत. युनिकोडचा सार्वत्रिक स्वीकार मराठीत त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला.

परिणामी, १९८५ ते २००५ या काळातील महाविद्यालयीन नियतकालिके, स्थानिक साप्ताहिके, ग्रामपंचायतींच्या व सहकारी संस्थांच्या स्मरणिका, एम.फिल. व पीएच.डी.चे प्रबंध यांच्या मूळ प्रती सव्वापाच व साडेतीन इंची फ्लॉप्यांवर, तत्कालीन फॉन्टमध्ये बंदिस्त आहेत. छापील प्रती सर्वत्र टिकल्या आहेत असे नाही, आणि अनेक टिपणे व मुलाखती तर छापल्याच गेल्या नाहीत. सोनी कंपनीने २०११ मध्ये फ्लॉपीचे उत्पादन थांबवले. नव्या संगणकांत फ्लॉपीसाठी जागा नाही.

महाराष्ट्राच्या इतिहासाभ्यासकाला ही परिस्थिती अपरिचित नाही. मोडी लिपीतील कागदपत्रांचे ढीग दप्तरखान्यांत आहेत, परंतु वाचणारे थोडे, हा अनुभव जुनाच आहे. परंतु दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. मोडीचा कागद टिकला, तर शंभर वर्षांनंतरही प्रशिक्षित वाचक तो वाचू शकतो. फ्लॉपीच्या बाबतीत कागद, लिपी व वाचक या तिघांखेरीज चौथी गोष्ट लागते, ती म्हणजे चालू स्थितीतील यंत्र. शिवाय बुरशीमुळे हा ‘कागद’ शंभर वर्षे वाट पाहत नाही. अशा यंत्राचा सांभाळ आज प्रामुख्याने करतो तो हौशी तंत्रज्ञ. जुना फ्लॉपी ड्राइव्ह स्वच्छ करून, पाझरलेली बॅटरी काढून, तुटलेली रेषा बारीक तारेने सांधून, जुन्या कार्यप्रणालीवर तो यंत्र उभे करतो. या अर्थाने तो नव्या मोडीचा वाचक आहे.

निर्लेखन आणि जतन यांतील पेच

याच्या विरुद्ध बाजूनेही काही मुद्दे उपस्थित होतात व ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. जुन्या उपकरणांत शिसे, कॅडमियम, पारा यांसारखे घातक पदार्थ असतात. जुन्या पडद्याच्या नळीतील उच्च विद्युतदाब अनभिज्ञ माणसाच्या जिवावर बेतू शकतो. ई-कचऱ्यासंबंधीचे २०११, २०१६ व २०२२ चे नियम याच कारणास्तव करण्यात आले. २०१६ च्या नियमांनी शैक्षणिक संस्थांसह घाऊक वापरकर्त्यांवर असा कचरा अधिकृत यंत्रणेकडेच सोपवण्याचे बंधन घातले. महाविद्यालयांत जडसंग्रह नोंदवहीतील जुनी यंत्रे निर्लेखित करून जागा मोकळी करण्याची निकडही खरी आहे. प्रत्येक जुना संगणक सांभाळणे शक्य नाही आणि इष्टही नाही.

परंतु निर्लेखनाच्या प्रक्रियेत एक त्रुटी आहे. समिती यंत्राचे घसारामूल्य पाहते. त्या यंत्रात काय आहे आणि त्याच्याशिवाय काय वाचता येणार नाही, हा प्रश्न नमुन्यात कोठेच विचारलेला नसतो. ग्रंथालयातील जीर्ण ग्रंथ बाद करताना ग्रंथपाल त्याची दुर्मीळता तपासतो. यंत्राच्या बाबतीत तशी तपासणी होत नाही. २०२२ मध्ये केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, ही स्वागतार्ह बाब आहे. मात्र तिचा रोख ग्राहकाच्या चालू वस्तूंवर होता. इतिहासाचे साधन म्हणून यंत्राचा विचार अद्याप व्हावयाचा आहे.

रत्नागिरीत जतनाची परंपरा नवी नाही. रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालयाची स्थापना १८२८ मधील आहे. १९१० मध्ये बांधून झालेल्या थिबा राजवाड्यात आज शासकीय संग्रहालय आहे. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या गोगटे महाविद्यालयाने जिल्ह्यातील उच्च शिक्षणाचा पाया घातला. ग्रंथ, वास्तू आणि शिक्षणसंस्था यांच्या बाबतीत दाखवलेली दृष्टी यंत्रांच्या बाबतीत दाखवणे या गावाला जड जाऊ नये.

निष्कर्ष

१. महाराष्ट्रात जुन्या यंत्रांशी खटपट करण्याची परंपरा किमान शंभर वर्षांची आहे. तिच्यात छंद, उपजीविका व सार्वजनिक कार्य यांच्या सीमा सतत मिसळत राहिल्या आहेत.

२. पाश्चात्त्य देशांत हा छंद विपुलतेतून, तर आपल्याकडे टंचाईतून वाढला. त्यामुळे आपल्याकडे दुरुस्तीचे कौशल्य टिकले, परंतु जतनाची जाणीव निर्माण झाली नाही.

३. किनारपट्टीवरील दमट व खारट हवामानात जतनाचा कालावधी अल्प असल्याने रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात हे काम अधिक निकडीचे आहे.

४. १९८५ ते २००५ या काळातील संगणकीय मराठी मजकूर वाचून युनिकोडमध्ये आणण्यासाठी चालू स्थितीतील जुनी यंत्रे व ती चालवणारी माणसे या दोहोंची आवश्यकता आहे.

५. महाविद्यालयांनी निर्लेखनापूर्वी प्रत्येक जातीचा किमान एक संच चालू स्थितीत राखावा, उर्वरित यंत्रांतील व फ्लॉप्यांतील मजकूर उतरवून घ्यावा आणि नंतरच ती अधिकृत पुनर्चक्रण केंद्राकडे सोपवावीत. या कामी इतिहास, मराठी, पदार्थविज्ञान व संगणकशास्त्र विभागांनी स्थानिक हौशी तंत्रज्ञांचे साहाय्य घ्यावे. जुने रेडिओ व टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या कारागिरांच्या मुलाखती मौखिक इतिहास म्हणून ध्वनिमुद्रित कराव्यात.

यांपैकी एकाही सूचनेस मोठ्या निधीची गरज नाही. गरज आहे ती निर्लेखन समितीच्या नमुन्यात एक रकाना वाढवण्याची, आणि तो रकाना भरण्यासाठी ज्याला यंत्र उघडता येते अशा माणसाला एकदा महाविद्यालयात बोलावण्याची.